शिमग्याच्या फोटोंचा स्लाइड शो व्हिडिओ केला, पण फोटो पळतायत

सहाणेवरून
नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला. आमची आते डोंबिवलीला असते, वय 84. गुडघ्यांमुळे सहा शिमगे तिला गावी येता आलेलं नाही. यंदा पालखी अंगणात आली तेव्हा नाचवताना, ओट्या भरताना, गुरवांनी गाऱ्हाणं घातलं तेव्हा भरपूर फोटो काढले. निवडून 212 उरले. आणखी कमी करवत नाहीत, जवळजवळ प्रत्येकात तिच्या ओळखीचं कुणीतरी आहे.

शूटिंगही केलंय, पण ते तिला नको. नाचत्या गर्दीत चेहरे निसटतात म्हणते. तिला एकेका फोटोवर थांबून "ह्यो कुनाचा रं?" विचारायचं असतं.

लाइटरूम क्लासिकमध्ये (फोटोंचं सॉफ्टवेअर) स्लाइड शो लावला, मोबाइलवर घेतलेला ढोलाचा आवाज जोडला (6 मिनिटं 20 सेकंद) आणि 'एक्सपोर्ट व्हिडिओ' केलं. फोटो भराभर पळतात, दोन सेकंदही थांबत नाहीत. एका उभ्या फोटोत पालखी उंच उचललीय, तिथे देवाची रुपंच (मुखवटे) वरून कापली गेली. आणि टीव्हीला पेनड्राइव्ह दिसतच नाही. रविवारी डोंबिवलीला जायचंय. कुणी सांगेल का?

चिपळूणकर स्टुडिओ
'फिट टू म्युझिक' दाबलंय तुम्ही. 6 मिनिटं 20 सेकंद म्हणजे 380 सेकंद, त्यात 212 फोटो बसवायचे तर एकाला पावणेदोनच्या आसपास येणार. वेळ हाताने द्या: स्लाइड 4 सेकंद, क्रॉसफेड (एक फोटो पुढच्यात विरघळतो तो वेळ) 1. ढोलाच्या फाइलच्या वेगवेगळ्या नावांनी तीन प्रती करून एकापाठोपाठ लावा. एमपी३ किंवा एम४ए असली तर घेतं.

रुपं कापली जातात ती 'झूम टू फिल फ्रेम'मुळे. ती खूण काढा. उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना पट्टे येतील, येऊ देत. पट्टे काळे न ठेवता बॅकड्रॉपमध्ये गडद तपकिरी रंग द्या, गुलाल त्यावर छान उठतो. लेआउटमध्ये प्रिव्ह्यू 16:9 वर (टीव्हीच्या रुंद पडद्याचं माप) ठेवा, नाहीतर लॅपटॉपवर एक दिसतं आणि टीव्हीवर दुसरंच.

आतेंचं ऐकून एक सुचवतो. इथे सगळ्या स्लाइडना एकच वेळ मिळतो. जो चेहरा जास्त थांबायला हवा त्याची व्हर्च्युअल कॉपी (लाइटरूममधल्या लाइटरूममध्ये केलेली प्रत) करून शेजारीच ठेवा. तोच फोटो त्याच फोटोत विरघळतो, बदल कळतही नाही आणि वेळ दुप्पट होतो. पॅन अँड झूम (फोटो हळूहळू सरकवणं, मोठा करणं) मात्र बंद ठेवा. लग्नाच्या स्लाइड शोत आजी-आजोबांच्या फोटोला मी नेहमी असंच करतो.

खाडीपल्याड
पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल. जुने टीव्ही बरेचदा फॅट३२च वाचतात. आतलं सगळं आधी दुसरीकडे ठेवा, मग फॉरमॅट करा. फॅट३२ मध्ये एक फाइल 4 जीबीच्या आत लागते, तुमची 1080पी ची वीसेक मिनिटं सहज बसतील. लाइटरूम एच.२६४ ची एमपी४ देतं, ते टीव्हीला चालायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून गेलं की चेहरे पुसट होतात.

सुरंगीचा वळेसर
सगळीकडे ढोलच नको. गाऱ्हाण्याचा आवाज असेल तर शूटिंगमधून काढा आणि त्या फोटोंवर येईल असा लावा. माझी आई मुंबईत गाऱ्हाणं नुसतं ऐकूनसुद्धा हात जोडते.

सहाणेवरून
सगळ्यांचे मनापासून आभार. गाऱ्हाण्याचा आवाज मिळाला, पावणेतीन मिनिटं. मधे "व्हय महाराजा" स्पष्ट ऐकू येतं. ढोल आता दोनदाच, मधे गाऱ्हाणं, शेवटची साडेतीन मिनिटं आवाजाशिवाय ठेवली, तिला विचारायला सोपं. पंधरा फोटोंच्या जास्तीच्या प्रती केल्या, म्हणजे 227 स्लाइड, जवळजवळ 19 मिनिटं. पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, शेजाऱ्यांच्या जुन्या टीव्हीवर लावून पाहिला, चालला.

पंधरातल्या तीन प्रती एकट्या बापूंच्या आहेत. आतेचे धाकटे भाऊ. यंदा त्यांनी खांदा दिला नाही, नुसता पालखीच्या दांड्याला हात लावून उभे राहिले. तो फोटो वीस सेकंद राहतो.