मराठी प्रबंधाला १० टक्क्यांची चाळणी पुरते का?

(बोलणारे तिघं: ‘तळटीप’ हे टोपणनाव, ‘गाइड’ म्हणजे मार्गदर्शक, ‘बहिःस्थ’ म्हणजे बाहेरचा परीक्षक.)

तळटीप: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमावलीत प्रबंधाचं इतर लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ६० पर्यंत सुधारित प्रबंध देण्यावर वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. मराठी प्रबंधांसाठी हा आकडा कुचकामी आहे असं माझं मत. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. इंग्रजी पुस्तकातलं पान मराठीत उतरवलं की साम्य बहुधा शून्य. जुनं पुस्तक स्कॅनच झालेलं नसेल तर तेही शून्य. श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटातली फाइल तर यंत्राला रोमन अक्षरांचा काला दिसते.

गाइड: फाँटचं खापर यंत्रावर कशाला? एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. देवनागरी दिसली नाही तर फाइल परत करा. संदर्भसूची, ऋणनिर्देश, श्रेय दिलेली अवतरणं नियमातच वगळली आहेत. तरीही २५ टक्के येत असतील तर दाल में कुछ काला नाही, सगळी डाळच करपलीय!

तळटीप: वगळली आहेत ती कागदावर. सॉफ्टवेअर अवतरण ओळखतं ते मुख्यतः अवतरणचिन्हांवरून. प्रबंधात अभंग ओळी पाडून, चिन्हांशिवाय छापतात. ते साम्यात मोजले जाऊ शकतात. मग विद्यार्थी समीक्षकाचं वाक्य फिरवून लिहितो, टक्का उतरतो, आणि तळटीपही गायब होते.

बहिःस्थ: फिरवून लिहिण्यात गैर काही नाही, तळटीप गाळण्यात आहे. अनुवाद स्वतः केला असेल तर तसं नमूद करा आणि मूळ पुस्तकाचा पृष्ठांक द्या. राजवाड्यांचं मत दुसऱ्याच्या ग्रंथात वाचलं असेल तर त्या ग्रंथाचं नाव घालून ‘उद्धृत’ लिहा. थेट राजवाड्यांचं पान टाकू नका. ही लबाडी सहज उघडी पडते. मधल्या लेखकाने चुकीचा पृष्ठांक छापला असेल तर तोच चुकीचा आकडा प्रबंधात येतो. मौखिकीत, म्हणजे तोंडी परीक्षेत, दहा तळटीपा निवडा आणि मूळ पुस्तकं मागा.

गाइड: मौखिकीपर्यंत फार उशीर होतो. प्रकरण हाती येतं तेव्हाच मागा. पण टक्काही ठेवाच. शोधगंगेवरून, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातून, अख्खं प्रकरण उचलणारे त्यानेच सापडतात.

तळटीप: एका प्राध्यापकाकडे पीएचडीचे आठ विद्यार्थी असू शकतात. इतक्या तळटीपा तपासणार कोण? म्हणूनच साम्य-अहवालाच्या पहिल्या पानावरचा आकडा बघून सही होते.

बहिःस्थ: सगळ्या कोण म्हणतंय? प्रकरणामागे पाच. फक्त कोणत्या, ते आधी सांगायचं नाही.