ग्रंथालयाच्या खोलीतल्या गोण्या (तातडीचे)

सचिव:
मंडळी, नमस्कार.
कोजागिरीच्या तालमी शनिवारपासून त्याच खोलीत आहेत आणि गोण्या जागच्या हललेल्या नाहीत. आत जुन्या सभासद अर्जांचा चुरा आहे, म्हणजे आधारच्या झेरॉक्स, चेकच्या प्रती, सगळं श्रेडरमधून काढलेलं. पंचायतीच्या गाडीवाल्यांनी काल नेल्या नाहीत. "हे सुटं उडतं, गाडीत नको" म्हणाले. रद्दीवाल्यानेही हात वर केले. कोण नेतंय ते आजच कळवा. चवथीच्या मखराचा थर्माकोल अजून कुणाच्या गॅरेजात पडलाय हे सगळ्यांना माहीत आहे, तसं नको.

अण्णा (फोंडा):
रद्दीवाला नेणार नाहीच. अख्खा कागद त्याला वजनावर विकता येतो, चुऱ्याला कोण भाव देणार? मी खजिनदार असताना सांगत होतो की सगळी पानं मशीनमध्ये घालू नका. नाव, खाते क्रमांक, सही एवढाच भाग कापा, उरलेलं पान रद्दीत द्या. इतिवृत्त काढून बघा. इथे तर अर्जासोबतची छापील नियमावलीसुद्धा कापलेली आहे. तिच्यात काय गुपित होतं?

पर्वरीच्या काकू:
एक गोणी मला द्या. आमच्या सोसायटीच्या खताच्या टाकीला सुका माल लागतो आणि यंदा पाऊस लांबल्यामुळे पानंही ओलीच मिळतायत. पण आधी सांगा, त्यात पेट्रोल पंपाच्या नि एटीएमच्या गुळगुळीत पावत्या नाहीत ना? त्या थर्मल कागदावर बरेचदा बिसफेनॉल नावाचं घातक रसायन असतं, ते मला मिरच्यांच्या वाफ्यात नको. खिडकीच्या पाकिटांचं प्लास्टिकही नको. मागे कोणीतरी दिलेल्या चुऱ्यातून ते वेचता वेचता पाठ धरली होती. आणि घरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कागद एकटा टाकला की त्याचा थापा बसतो, हवा खेळत नाही, वास सुटतो. सुक्या पानांत मिसळायचा, आणि दोन्ही मिळून ओल्याच्या दुप्पट तरी हवं. एकच गोणी हं, सगळ्या माझ्या गळ्यात नकोत.

म्हापसा:
काकूंना एक, बाकीच्या आम्हाला! वाड्यावरची पोरं दिवाळीच्या नरकासुराचा पुतळा करायला लागलीच आहेत, पोटात भरायला गवत शोधत फिरतायत. उद्या संध्याकाळी रिक्षा घेऊन येतो.

अण्णा (फोंडा):
अजिबात नाही. नरकासुर पहाटे जाळतात आणि अर्धवट जळके कपटे गावभर उडतात. आपलं मशीन लांब पट्ट्या काढतं, बारीक तुकडे नव्हे. आकडे नीट वाचता येतात, मी स्वतः गोणीत हात घालून पाहिलंय. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत घाईघाईने कापलेली कागदपत्रं इराण्यांनी पट्टी-पट्टी जुळवून वाचली आणि पुढे छापलीसुद्धा. उभं-आडवं कापणारं पी-४ दर्जाचं मशीन घ्या, म्हणजे तुकडा १६० चौरस मिलिमीटरच्या आत येतो, हा ठराव मीच मांडला होता. तो कोणी हाणून पाडला ते इथे लिहीत नाही.

म्हापसा:
अण्णा, आमच्या वाड्यावर कोण इराणी बसलाय पट्ट्या जुळवायला?

साखळी:
मुळात कोजागिरीच्या दुधाला आणि दिवाळी अंकांना आधारची झेरॉक्स हवी कशाला? पुढच्या वर्षीपासून मागू नका. अगदीच हवी तर मास्क्ड आधार घ्या, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. कागद गोळाच केला नाही तर कापायचाही प्रश्न नाही.

सचिव:
साखळी, तो विषय वार्षिक सभेत घेऊ. आत्ता गोण्या.

डिचोली:
मी फराळाचे डबे पुण्या-मुंबईला कुरिअर करते, खोक्यात भरायला थोडा चुरा मिळेल का? बबल रॅप परवडत नाही. चकली-चिवड्याची नोंदणी सुरू आहे, ज्यांना हवंय त्यांनी कळवा.

पर्वरीच्या काकू:
डबा बंद असला तरी खाण्याजवळ असला छापील कागद नकोच बाई. वर्तमानपत्रात वडे-भजी बांधू नका म्हणून ते अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण, एफएसएसएआय, कधीपासून सांगतंय. आणि पुण्यात कोणाच्या चकलीच्या डब्याला माझी सही चिकटून गेली तर? बाकी चिवड्यात खोबरं तळून घालता की भाजून?

मडगाव:
भंगार-रद्दीचा धंदा माझा, पण मला कोणी विचारत नाही. असो. गाडीवाल्यांचं काही चुकलं नाही. सुका कचरा हातांनी आणि चाळण्यांवर निवडतात. चुरा चाळणीतून खाली पडतो, काचेच्या कपच्यांत नि मातीत मिसळतो, मग तो कोणी घेत नाही. फिरत्या दांड्यांना गुंडाळून यंत्र अडकवतो ते वेगळंच.

दुसरं, कापल्याने धागा आखूड होतो. कागदाचा धागा साधारण पाच-सात वेळा लगद्यातून जातो, प्रत्येक खेपेला तुटत जातो. चुऱ्याचं त्यातलं आयुष्य आपण आधीच खाल्लेलं असतं, म्हणून गिरणी त्याला खालचा भाव देते. तरी पुठ्ठ्याला, अंड्यांच्या ट्रेला तो चालतो. मात्र कोरडा हवा. या हवेत गोणी जमिनीवर ठेवलीत तर तळाला ओल धरते, आजच पाटावर चढवा. टाचण्या राहू देत, लगदा करताना लोखंड बाजूला निघतं. लॅमिनेशन केलेली ओळखपत्रं मात्र काढा. माल प्लास्टिकच्या गोणीतून काढून कागदी पिशव्यांत किंवा खोक्यांत भरा, तोंड चिकटवा, वर "कापलेला कागद" लिहा. शुक्रवारी माझा टेम्पो येईल. माल माझ्या गोदामात न उघडता राहील आणि पुढच्या खेपेला गिरणीत जाईल.

सचिव:
ठरलं, शुक्रवार. कपड्याच्या दुकानांच्या कागदी पिशव्या ज्यांच्याकडे साठल्या असतील त्यांनी गुरुवारपर्यंत आणून द्या. म्हापसा, रिक्षा रद्द करा.

अण्णा (फोंडा):
पिशव्या माझ्यासमोर भरल्या जातील. नियमावलीच्या पट्ट्या पोरांना द्यायच्या असतील तर त्या वेगळ्या काढणारा माणूस म्हापशाने पाठवावा. खोलीची दुसरी किल्ली गेल्या कार्यकारिणीने परत केली आहे का?

डिचोली:
काकू, तळूनच. भाजलेलं लवकर मऊ पडतं. तुमचा अर्धा किलो धरू?