कंट्रोलर फॅरेनहाइटचा, व्यापारी सेल्सिअसचा. डिफरन्शियल उणे १६ कसं येतं?

रावेरचा_केळीवाला
राम राम मंडळी. सावद्याजवळ केळी पिकवायचं जुनं चेंबर घेतलं. कंट्रोलर बाहेरच्या देशातला, सगळं फॅरेनहाइटमध्ये. सेटिंग ५८, डिफरन्शियल ३. व्यापारी म्हणतो १७ सेल्सिअसला लाव. मोबाइलात ५८ टाकले तर १४.४ आले, पटलं. पण ३ टाकले तर उणे १६! चेंबरात बर्फ पाडायचाय का? बाहेर ४४ आहे, माल उद्या भरायचा.

तापीकाठ
बर्फ पडला तर सांग भो, गोळ्याची गाडी लावू.

भुसावळ_कूलिंग
भाऊ, मोबाइलने ३ हे तापमान समजून हिशेब केला. डिफरन्शियल म्हणजे दोन तापमानांतला फरक, त्यातून ३२ वजा करायचे नसतात. फॅरेनहाइटमध्ये पाणी ३२ ला गोठतं, २१२ ला उकळतं, मध्ये १८० अंश. सेल्सिअसमध्ये त्याच अंतराचे १०० अंश. म्हणून ३ ला नुसतं १.८ ने भागा, १.७ आलं. बहुतेक कंट्रोलरात याचा अर्थ असा की कॉम्प्रेसर ५८ ला बंद होईल आणि ६१ ला परत लागेल.

आता ५८ चं. तो कच्चा माल थांबवून ठेवायचा आकडा आहे, पिकवायचा नाही. तेरा सेल्सिअसच्या खाली केळीची साल काळवंडते, म्हणून कंटेनरवाले ५६-५८ धरतात. तुमचे १७ असे काढा: दुप्पट ३४, त्यातून दहावा हिस्सा ३.४ काढला की ३०.६, वर ३२. झाले ६२.६. कागद-पेन लागत नाही, पोरांना पाढे येत असले की पुरे. मी ६२ ठेवून डिफरन्शियल २ करीन, म्हणजे १६.७ ते १७.८ मध्ये खेळेल.

आणि भिंतीवरच्या सेन्सरवर विसंबू नका. तो हवा मोजतो. केळी पिकताना स्वतः गरम होते, मधल्या क्रेटमधल्या फळाच्या गरात थर्मामीटर खुपसून बघा.

शाळामास्तर_धुळे
केल्व्हिनमध्येही फरकाचा हिशेब सोपा, तिथला एक अंश सेल्सिअसएवढाच. फक्त तापमानाला २७३.१५ मिळवायचे. गंमत म्हणजे सेल्सिअसने १७४२ साली पट्टी मांडली तेव्हा ० ला पाणी उकळायचं आणि १०० ला गोठायचं. नंतर उलटी केली.

रावेरचा_केळीवाला
६२ आणि २ लावतो. मेनूत फॅरेनहाइटचं सेल्सिअस करायची सोय दिसते, करून टाकू?

भुसावळ_कूलिंग
माल भरायच्या आधी करा, नंतर नको. पुष्कळ कंट्रोलर एकक बदलतात पण आकडे तसेच ठेवतात, म्हणजे ६२ सेल्सिअस! बदललं तर सेटिंग १७, डिफरन्शियल १ हाताने टाका. अलार्मचे आकडेही तपासा.