अनुभव धागा : बाटली आडवी झाल्यावर गावात काय उरते?

आमच्या गावातील देशी दारूचे दुकान मतदानाने बंद झाले, तेव्हा प्रश्न मिटला असे आम्हा बायकांना वाटले होते. दारूमुळे होणारे नुकसान कमी व्हावे म्हणून आपण स्वतः काय केले, काय जमले आणि काय फसले, ते येथे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

2008 च्या शासन आदेशानुसार गावातील 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की मतदान घेता येते. परंतु दुकान बंद होण्यासाठी यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात; मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीच्या. म्हणजे सासरी गेलेली लेक, मुंबईत राहणारी सून आणि नाव न वगळलेली मयत आजी, या तिघीही न येता उभ्या बाटलीच्याच पारड्यात जातात. हे उमगल्यावर आम्ही सभा थांबवल्या आणि मतदार यादी घेऊन घरोघर बसलो. मतदानाच्या दिवशी भांगलणीला गेलेल्या बायकांना आणण्यासाठी थेट बांधापर्यंत ट्रॅक्टर धाडला होता.

—

ताई, अभिनंदन, पण आमचा अनुभव थोडा कडू आहे. दुकान बंद झाल्यावर आमच्याकडची माणसे आठ किलोमीटरवरच्या ढाब्यावर दुचाकीने जाऊ लागली, आणि पूर्वी पायी झोकांड्या खात घरी येणारा माणूस आता रात्री गाडी चालवत येतो. पहिल्याच पावसाळ्यात दोघे जण गाडीसह रस्त्यावरच्या मोरीत पडले. बंदी चुकली असे मी म्हणत नाही, मात्र रस्त्याचा विचार आम्ही आधी केला नव्हता.

—

मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. येथे 1993 पासून दारूबंदी आहे, हे सांगितले की बाहेरचे लोक हसतात. ज्यापासून दारू गाळतात ते मोहफूल आमच्याकडे खाण्यात आहे, पूजेत आहे, बाजारातही आहे. त्यामुळे फूल घरात असणे आणि विक्रीसाठी दारू गाळणे यांतली रेघ गावालाच ओढावी लागते. आमच्या गावच्या संघटनेतील बायका नाल्याकाठी पुरलेले सडव्याचे (दारूसाठी आंबवलेल्या मोहाचे) ड्रम शोधून ओततात, पण त्याआधी विक्रेत्याला गावसभेत बोलावून मुदत देतात. 2016 मध्ये जिल्ह्यात दारू-तंबाखूमुक्तीचे मुक्तिपथ अभियान सुरू झाल्यावर तालुक्याच्या ठिकाणी उपचाराचीही सोय झाली, आणि माझ्या मते खरा फरक तेथे पडला, कारण तोवर पिणाऱ्याला आम्ही फक्त रागावत होतो.

—

उपचाराचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो. दुकानाला कुलूप लागल्याच्या तिसऱ्या दिवशी माझे वडील अंथरुणावरच्या मुंग्या झटकू लागले. मुंग्या नव्हत्या. हात थरथरत होते, अंग घामाने भिजले होते, आणि शेजारचे बाहेरची बाधा म्हणून देवऋषी बोलवा म्हणत होते. आईने ऐकले नाही, जीप केली आणि त्यांना रुग्णालयात नेले. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर भास होतात, झटके येतात आणि जिवावरही बेतू शकते, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते, हे आम्हाला तेथे कळले. ज्या गावात मतदान ठरले असेल, तेथील कार्यकर्त्यांनी आशाताईंना सोबत घेऊन रोज पिणारे कोण, याची विचारपूस आधीच करून ठेवावी, एवढी कळकळीची विनंती.

—

मी त्या रोज पिणाऱ्यांपैकी होतो. सहा वर्षे झाली, थेंब घेतलेला नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट, त्याच्या सभेला दर आठवड्याला तालुक्याला जातो आणि आजच्यापुरतेच बोलतो, म्हणजे फक्त आज प्यायची नाही, एवढेच. दुकान बंद होते की उघडे, याने मला फारसा फरक पडला नाही. अवघड जाते ती लग्नघरची हळदीची रात्र, कारण तेथे आग्रह करणारे आपलेच चुलते-मावसभाऊ असतात. म्हणून मी सरळ आचाऱ्याजवळ जाऊन कांदा चिरायला बसतो. चुलीपाशी ग्लास घेऊन कोणी येत नाही.