एसीच्या कामातून ऊर्जा सल्लागार व्हायचंय, आधी परीक्षा की मीटर?

अजिंक्यतारा_सातारा:
मेकॅनिकल डिप्लोमा, एसी काँट्रॅक्टरकडे 6 वर्षं पूर्ण. आता इमारतींच्या ऊर्जेचं काम स्वतंत्रपणे करायचंय. बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) परीक्षा द्यावी की आधी मोजमापाचे मीटर घ्यावेत? आपल्याकडे एवढं काम मिळतं का?

कृष्णाकाठ:
परीक्षा द्याच. डिप्लोमावाल्यांना 6 वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. एनर्जी मॅनेजरला तीन पेपर, एनर्जी ऑडिटरला चौथाही. चौथ्यात उपकरणांच्या कार्यक्षमतेची आकडेमोड असते, तयारी तिथूनच सुरू करा. मीटर सध्या भाड्याने आणा. कामाचं म्हणाल तर मिरजेची हॉस्पिटलं, तासगावकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, हायवेवरची हॉटेलं आहेतच.

मिरज_प्लांटरूम:
सल्ला कोणीही देतो, पैसे मोजमापाचे मिळतात. चिलरचं (एसीसाठी पाणी गार करणाऱ्या मशीनचं) टनेज, म्हणजे गार करण्याची क्षमता काढायची तर पाण्याचा प्रवाह (घनमीटर प्रति तास) गुणिले आत येणाऱ्या-बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, भागिले 3.024. 30 घनमीटर आणि 4 अंश असतील तर 39.7 टन. कॉम्प्रेसर 44 किलोवॅट घेत असेल तर टनामागे 1.1 किलोवॅट. वॉटर-कूल्ड मशीनला हे जास्तच झालं, कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) नळ्यांत क्षार साठलाय का ते आधी पाहा.

घोळ होतो तो तापमानात. 4 अंशांच्या फरकात अर्ध्या अंशाची चूक म्हणजे टनेज साडेबारा टक्क्यांनी चुकलं. म्हणून दोन्ही सेन्सर आधी बर्फाच्या पाण्याच्या एकाच भांड्यात बुडवा, त्यांच्यात पडलेला फरक लिहून ठेवा. पाइपवर बाहेरून बसणारा फ्लोमीटर (प्रवाह मोजणारा) लावताना एल्बोच्या (पाइपच्या वळणाच्या) पुढे पाइपच्या व्यासाच्या 10 पट सरळ लांबी सोडा. रंग-गंज खरवडून जेल लावा, नाहीतर आकडा नाचत राहतो.

वसंतदादा_नगर:
वीजबिलही वाचायला शिका. महावितरणच्या एचटी (उच्चदाब) ग्राहकांना 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरा कामाचा वाटा) बिघडला की युनिटही वाढतात. रात्री लोड उतरल्यावर पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेले फिक्स कपॅसिटर तसेच चालू राहिले की तो उलट्या बाजूला जातो (लीडिंग होतो) आणि युनिट विनाकारण वाढतात. आठवडाभराचं लॉगिंग (मीटरने सलग नोंद) केल्याशिवाय हे दिसत नाही.

हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरचा एएचयू (गार, गाळलेली हवा सोडणारं युनिट) बचतीसाठी पूर्ण बंद करायला कधीच सांगू नका, रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे तो. थिएटर रिकामं असताना त्याचा पंखा व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) 80 टक्के वेगाने ठेवला तरी वीज जवळपास निम्मी लागते. मात्र खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्तच राहतोय ना, ते मॅनोमीटरने (दाब मोजणाऱ्या मीटरने) तपासूनच वेग ठरवा.

अजिंक्यतारा_सातारा:
चिलरच्या पॅनलवरचं तापमान धरलं तर चालेल का?

मिरज_प्लांटरूम:
त्याचे सेन्सरही बर्फात तपासता आले तरच. नाहीतर थर्मोवेलमध्ये (पाइपात सेन्सरसाठी बसवलेल्या बंद नळीत) तेल घालून स्वतःचे लावा.