जुना कमोड काढताना काय काय झालं? (अनुभव)

खटपट्या:
वरच्या मजल्यावर सकाळपासून फोडाफोडी चालू आहे. छिन्नी-हातोड्याच्या आवाजाने आमच्या बाथरूमचे ते अकरा दिवस आठवले. सगळंच नवीन करायचं म्हणून कमोडही बदलायचा ठरला. भोकाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मी स्वतः टेप लावून मोजलं, बरोब्बर ९ इंच. एस ट्रॅपचा, म्हणजे खाली जमिनीत निचरा होणारा, त्याच मापाचा कमोड आणला. पण मोजलं होतं जुन्या टाइल काढल्यावर, उघड्या भिंतीपासून. नवीन टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून भिंत सव्वा इंच पुढे आली. कमोड भोकावर ठेवला तर टाकी भिंतीत घुसतेय! प्लंबरने एकदा भोकाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "माप कोणी घेतलं?"
म्हटलं, आधीच्या प्लंबरने.
तुमचंही लिहा.

मनीमाऊ:
आधीच्या प्लंबरने, हाहाहा
आमचं माप बरोबर होतं, पण जुना काढल्यावर पाइपात बोळा कोंबायचं कुणाला सुचलंच नाही. वास अडवणारं पाणी कमोडच्याच वळणात असतं ना, कमोड गेला की तेही गेलं. रात्री दोनला नवऱ्याने जुना टॉवेल कोंबला. जुना म्हणजे माझा नवा, हे सकाळी कळलं.

बोरूबहाद्दर:
@मनीमाऊ टॉवेलला दोरी बांधली होती ना? आमचा बोळा आत गेला तो गेलाच.

उंटावरचा शहाणा:
आमचा पांढऱ्या सिमेंटात गाडलेला. हलेचना, शेवटी घण. फुटलेल्या कमोडचे तुकडे काचेसारखे कापतात, हातमोजे आणि चष्मा घालाच. मी घातले नाहीत, तीन टाके. नवा बोल्टवर बसवला. बोल्ट आवळताना थांबायचं कुठे हे कळायला हवं, बहिणीकडचा कर्रकन तडकला. आणि कडेने सिलिकॉन भरताना मागे थोडी फट सोडा, खाली गळलं तर निदान दिसेल तरी.

लिंबूटिंबू:
चार वर्षं तुंबायचा. आळ कायम माझ्या लेकावर. काढला तर आत टूथब्रश. सासऱ्यांचा. घरात अजून कोणी विषय काढत नाही.

बोरूबहाद्दर:
आमच्याकडे जमिनीतलं भांडं काढून कमोड केला. भांडं काढताना कोबा फुटला, त्याबरोबर वॉटरप्रूफिंगही. टाइल लावण्याआधी ४८ तास पाणी साठवून बघायचं असतं, आम्हाला घाई. नंतर खालच्या काकू दार वाजवून उभ्या. हातात छत्री! बोलल्या काहीच नाहीत.

पाटा:
कमोड राहू दे, बेसिनखालचा अँगल कॉक फिरतच नाहीये. पान्याने फिरवू का?

उंटावरचा शहाणा:
@पाटा नको! आधी मेन कॉक बंद करा.

पाटा:
मेन कुठे असतो

मनीमाऊ:
देवा.
@खटपट्या सव्वा इंचाचं काय केलं शेवटी?

खटपट्या:
टाकीमागच्या चार टाइल मालासकट खरवडून काढल्या. पाहुणे विचारतात, डिझाइन आहे का? मी हो म्हणतो.

पाटा:
फिरला. पाणी आलं. खूप आलं. नंतर लिहिते