मदत हवी आहे : जुन्या रेल्वे डब्याच्या चाकाच्या तेलपेटीत सूत कसं भरायचे?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितेय. माझे आजोबा कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेच्या डब्यांच्या चाकांना तेल घालायचे. 1897 साली सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांवरची गाडी. त्यांचा सूत भरायचा लोखंडी आकडा घरात सापडलाय, आणि तो वापरायचे कसे हे मला नीट लिहून ठेवायचंय.

जुन्या साध्या बेअरिंगच्या पेटीत तेलात भिजवलेलं सूत आसाच्या (चाकांच्या दांड्याच्या) टोकाला खालून टेकलेलं असे. आस फिरला की तेल वर चढायचं. सूत सुकलं किंवा खाली बसलं, की बेअरिंग तापून हॉट ॲक्सल! (आताच्या रोलर बेअरिंगमध्ये बंद ग्रीसच असतं.)

मग सूत किती दाबून भरायचे? किती दिवसांनी बदलायचे? आपल्याकडच्या मे महिन्यात तेल जाड घ्यायचे का? रेल्वेच्या कॅरेज-वॅगन (डबे देखभाल) विभागात काम केलेल्या काका-मामांना कृपया विचाराल का?